आपल्या सहलीच्या वाटेवरचं एक झाड: दक्षिण फ्लोरिडातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

कीजच्या, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांच्या, सहलीचा निरोप परवा आपल्या ग्रुपवर आला. सकाळी सातला फ्लोरिडा सिटीत जमायचं, चहा कोणाकडून, बर्फाच्या पेट्या कोणाच्या गाडीत, मुलांसाठी स्नॉर्कलिंगचं सामान कोण आणणार, सगळं नीट लिहिलेलं. एरवी मी लगेच ‘येणार’ लिहून मोकळी होते. यंदा हात थांबला. यायचं नाही म्हणून नव्हे, मी येणारच आहे. पण ज्या बेटावर आपण डबे उघडतो तिथलं एक झाड गेलं, आणि इतक्या वर्षांत त्याबद्दल आपल्यात एक शब्दही झाला नाही. म्हणून हे पत्र.

झाड निवडुंगाचं आहे. की लार्गोचा वृक्ष-निवडुंग, शास्त्रीय नाव पायलोसोसेरियस मिल्सपॉई. अख्ख्या अमेरिकेत तो एकाच जागी होता: की लार्गोवर, तिवरांनी वेढलेल्या चुनखडकाच्या एका बुटक्या उंचवट्यावर. २०२१ मध्ये त्याचे शेवटचे जिवंत तुकडे तिथून उचलून आणावे लागले. जुलै २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधनिबंध छापून सांगितलं की हा निवडुंग आता अमेरिकेच्या रानात उरलेला नाही, आणि समुद्राची पातळी वाढल्यामुळे या देशातून गेलेली ही बहुधा पहिलीच स्थानिक वनस्पती. बहामा बेटांवर आणि क्यूबाच्या उत्तर भागात तो अजून आहे. जगातून संपला नाही, पण इथून गेला.

मी २००४ मध्ये केंडॉलला राहायला आले. तेव्हापासून २०२१ पर्यंत दर हिवाळ्यात त्या बेटावरून गेले. कधी दोनदा, पाहुणे आले तर तीनदा. तो जिवंत होता, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भाषेत निवडुंग म्हणजे कुंपण. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. गडग्यावर लावलेला त्रिधारी निवडुंग, त्याचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून आईची सततची ओरड, एवढीच माझी निवडुंगाची ओळख. तो चीक येणारा निवडुंग खरं तर कॅक्टस नव्हेच, त्याचं कूळ वेगळं. कॅक्टसच्या कुळातला आपल्या ओळखीचा म्हणजे फड्या निवडुंग, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. माझी आजी सांगायची, लहानपणी त्याची लाल बोंडं काढून, दगडावर घासून कुसं घालवून खायची आणि मग दिवसभर जीभ लाल. तिच्या म्हातारपणी गावात फड्या औषधालाही मिळेना.

कीटक सोडून निवडुंग संपवण्याचा इतिहास आपल्या देशात फार जुना आहे. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंगाच्या व्यापारासाठी भारतात एक कीटक आणला गेला. रंगासाठी हवी होती ती ही जात नव्हती. रंग मिळाला नाही, पण फड्या निवडुंगाच्या एका जातीवर तो असा काही तुटून पडला, की पुढच्या शतकात हाच कीटक मुद्दाम दक्षिण भारतात आणि तिथून सिलोनच्या बेटावर नेऊन सोडला गेला. दोन्हीकडून ती जात जवळजवळ उखडली गेली. ते झाड परकं होतं, माजलं होतं, ते जावं अशीच लोकांची इच्छा होती. की लार्गोची गोष्ट उलटी आहे. इथला निवडुंग इथलाच. त्यानं कोणाची जमीन अडवली नव्हती, आणि तो जावा असं कोणालाही वाटत नव्हतं.

तो कसा दिसायचा हे मी फोटोंतून आणि वाचून सांगू शकते. पण त्याचा एक भाऊबंद माझ्या परसात आहे. ब्राझीलचा, निळसर खोडाचा, नर्सरीत वाढवलेला. आठ वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेला. मे महिन्यात एका रात्री नळ बंद करायला मागे गेले तर त्याच्या शेंड्याजवळ, पिंजलेल्या कापसासारख्या केसांच्या पुंजक्यातून, मुठीएवढं पांढरट फूल उघडत होतं. दिवा लावला नव्हता, तरी ते दिसत होतं. जवळ जाऊन वास घेतला. सुगंध नव्हता. बंद डब्यात राहिलेल्या भाजीसारखा उग्र दर्प होता. सकाळी कॉफी घेऊन बघायला गेले तोवर फूल मिटून लोंबायला लागलं होतं.

की लार्गोच्या निवडुंगाचं फूलही असंच रात्रीचं. मलईच्या रंगाचं, चांदण्यात उजळणारं, लसणासारख्या वासाचं. हा वास माणसासाठी नाही, वटवाघळांसाठी. मागाहून येणारी लालभडक आणि जांभळी फळं पक्ष्यांसाठी आणि छोट्या जनावरांसाठी. फुलाच्या आणि फळाच्या बुडाशी लांब पांढरे केस इतके दाट, की खोडावर बर्फ साचल्यासारखं दिसावं. आणि काटे त्याच्या जवळच्या नातेवाइकापेक्षा दुप्पट लांब.

या नातेवाइकामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला. कीजमध्ये आणखी एक वृक्ष-निवडुंग आहे, पायलोसोसेरियस रोबिनी. तो बऱ्याच आधीपासून माहीत होता. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे जॉन कंकेल स्मॉल हे वनस्पतिशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी होडीनं आणि मोटारीनं हा सगळा प्रदेश पालथा घालत होते. १९१७ मध्येच त्यांनी लिहून ठेवलं की एके काळी विपुल असलेला हा निवडुंग जळणासाठी आणि घरांसाठी रान तोडल्यानं आता संपण्याच्या बेताला आला आहे. १९१७! उद्योगपती हेन्री फ्लॅगलर यांची बेटांवरून जाणारी रेल्वे की वेस्टला पोचून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आलं.

मग आलं १९९२. जुन्या मंडळींना ते वर्ष वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळानं होमस्टेड जमीनदोस्त केलं ते वर्ष. त्याच वर्षी की लार्गोवर, तिवरांच्या आड, निवडुंगाचं एक बन सापडलं. साहजिकच तो रोबिनीच धरला गेला, आणि त्याच नावाखाली त्याची मोजदाद होत राहिली. मात्र मोजणाऱ्यांना काहीतरी खटकत होतं. काटे लांब, केस जास्त. अखेर २०१९ मध्ये नक्की झालं की ही जात निराळी आहे, बहामातून माहीत असलेली, आणि अमेरिकेत ती दुसरीकडे कुठेच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ नथॅनिएल ब्रिटन यांनी १९०९ मध्ये तिचं वर्णन केलं होतं आणि शिकागोच्या फील्ड म्युझियममधले चार्ल्स मिल्सपॉ यांचं नाव तिला दिलं होतं. मिल्सपॉ आणि ब्रिटन या दोघांनी बहामाच्या वनस्पतींचा ठावठिकाणा बेटाबेटांवर हिंडून लिहून ठेवला होता.

म्हणजे बघा. या झाडाला त्याचं खरं नाव मिळालं २०१९ मध्ये, आणि रानातून ते गेलं २०२१ मध्ये. खऱ्या नावानं ते आपल्यात दोनच वर्षं होतं. आणि ते नाव तरी कशामुळे मिळालं? कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी एका बेटावर काट्यांची लांबी मोजून कागदावर उतरवली होती म्हणून.

वनस्पतिसंग्रहातला कागद तुमच्यापैकी कोणी हातात घेतला आहे का? पुण्याला कॉलेजात असताना मी एकदा घेतला होता. जाड पांढरा कागद, त्यावर दाबून वाळवलेली फांदी, काही जागी दोऱ्यानं टाचलेली, आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी. झाडाचं नाव, गाव, तारीख, कोणी गोळा केलं. शाई तपकिरी झालेली. आमचे सर म्हणाले होते, नाव चुकलं तरी चालेल, ते नंतर सुधारता येतं. गाव आणि तारीख चुकली तर कागद फुकट. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. त्याचा अर्थ की लार्गोनं समजावला.

आता हे झाड गेलं कसं ते सांगते, कारण ते एका दिवसात गेलेलं नाही.

की लार्गो हे वाळूचं बेट नाही. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा उंच होता, तेव्हा जगलेल्या प्रवाळांचा तो खडक आहे. विंडली कीच्या जुन्या खाणीत आपण मुलांना नेलं होतं ते आठवतं का? रेल्वेसाठी तिथून दगड काढला गेला, आणि कापलेल्या भिंतींवर प्रवाळांच्या आकृत्या आजही हातानं चाचपता येतात. तोच हा खडक. स्पंजासारखा भोकाभोकांचा. म्हणून इथे समुद्र नुसता किनाऱ्यावरून येत नाही, पायाखालूनही वर येतो. कोकणात खाजणाला बांध घालून उघाडी बसवली की खारं पाणी आवरता येतं. इथे बांध घालून काहीच अडत नाही. बेटाची सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम १५ फूट.

निवडुंगाचा उंचवटा तर अगदीच किनाऱ्याजवळचा. त्याच्यावर पूर्वी माती आणि कुजलेल्या पाल्याचा चांगला थर होता, त्यावर हे बन उभं होतं. वादळांच्या लाटांनी आणि मोठ्या भरत्यांनी तो थर थोडा थोडा धुऊन नेला. उंचवट्याच्या पायथ्याशी, तिवरांखालच्या खाऱ्या चिखलात राहणाऱ्या वनस्पती हळूहळू वर सरकू लागल्या. खारवट जमीन वर चढायला लागली की आधी झाडं सांगतात, हे आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मावशीच्या घरची विहीर मचूळ झाली त्याच्या कितीतरी आधी तिच्या कडेचं लिंबू वाळलं होतं.

कोरल गेबल्सच्या फेअरचाइल्ड बोटॅनिक गार्डनमधले लोक २००७ पासून दरवर्षी कीजमधल्या या निवडुंगांची मोजणी करत आले आहेत. हेच ते गार्डन, जिथे आपण उन्हाळ्यात आंबा महोत्सवाला जातो. त्याच सुमारास झालेल्या अभ्यासात दिसलं की मेलेल्या निवडुंगांखालच्या मातीत क्षार जास्त आहेत, जिवंतांखाली कमी. की लार्गोच्या बनात एके काळी सुमारे १५० खोडं होती. २०१५ मध्ये बघतात तर निम्मी मेलेली. कोणीतरी ती कुरतडून खाल्ली होती. कीजमध्ये जनावरांनी निवडुंग खाल्ल्याचं आधीही दिसलं होतं, पण इतकं कधीच नाही. संशोधकांचा तर्क असा: खारं पाणी आत शिरलं की छोट्या जनावरांना प्यायला गोडं पाणी उरत नाही, आणि निवडुंग म्हणजे पाण्यानं भरलेला रांजण.

हे वाचलं त्या दिवशी मी फार वेळ गप्प बसले होते. एक तहानलेला उंदीर, आणि त्याला मिळालेलं शेवटचं पाणी म्हणजे हे झाड.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, इर्मा वादळ. आपण सगळे तेव्हा घरांना फळ्या ठोकून कोणी ऑर्लँडोला, कोणी अटलांटाला निघालो होतो. वादळ खालच्या कजो की बेटावर धडकलं, तरी की लार्गोवर ५ फुटांची लाट आली. बेटाचा मोठा भाग खाऱ्या पाण्याखाली गेला. जनावरं जगावीत म्हणून जीवशास्त्रज्ञांनी उंच जागी लहान मुलांचे प्लास्टिकचे तलाव ठेवून त्यांत गोडं पाणी भरलं. मग २०१९ ची उधाणं. मोठ्या भरत्यांचं पाणी चढलं, आणि की लार्गोच्या सखल वस्त्यांमधलं पाणी जवळजवळ तीन महिने ओसरलं नाही. लोक गुडघाभर बूट घालून कामावर जात होते, खाऱ्या पाण्यातून गाड्या चालवून गंजवत होते. त्या बातम्या आपण पाहिल्या होत्या. त्याच पाण्यात, दृष्टीआड, त्या बनाची मुळं उभी होती.

२०२१ पर्यंत १५० खोडांपैकी सहा आजारी तुकडे उरले. ते रानात ठेवले तर मरणार हे उघड होतं. मग निर्णय झाला, आणि हिरवी राहिलेली सगळी खोडं काढून आणली गेली. ती आता काचगृहात आणि रोपवाटिकेत वाढत आहेत. परत रानात लावायचा विचार आहे. पण लावायचं कुठे? पुरेशी उंच, मोकळी, तरी किनाऱ्याजवळची, वस्ती नसलेली जागा कीजमध्ये किती उरली आहे, हे आपण गाडीच्या खिडकीतून बघतोच.

की वेस्टच्या बंदरात १९१३ पासून समुद्राची पातळी मोजून लिहिली जाते. त्या नोंदी सांगतात, पाणी वर्षाला सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास वर चढत आलं आहे. शंभर वर्षांत वीतभराहून थोडं अधिक. वीतभर पाणी ऐकायला काहीच वाटत नाही. की लार्गोच्या त्या उंचवट्याला ते पुरून उरलं.

तुमच्यापैकी दोघा-तिघांशी मी हे बोलले तेव्हा एकानं विचारलं, बहामात आहे ना, मग एवढं काय? प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मनापासूनच उत्तर देते. उद्या आपली दाभोळची वाडी खाडीत गेली, तर रत्नागिरी जिल्ह्यात अजून पुष्कळ वाड्या आहेत म्हणून आपण स्वस्थ बसू का? त्या वाडीतलं देऊळ, तिथला पिंपळ, तिथली चार वेगळी माणसं आणि तिथं बोलले जाणारे दोन वेगळे शब्द, ते तिथेच होते. की लार्गोचं बन त्या जातीचं या देशातलं एकमेव घर होतं. तिथल्या पक्ष्यांनी आणि खडकानं त्याला वाढवलं होतं. ते तसं बहामातून आणून लावता येणार नाही.

दुसऱ्या एकीनं विचारलं, आपण काय करणार? आपण ना शास्त्रज्ञ ना इथले जुने रहिवासी. याच प्रश्नासाठी मी इतकं लिहिलं. मला वाटतं आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती क्षुल्लक नाही.

आपल्यातले काही काका-मावशी इथे १९७० आणि ८० च्या दशकांपासून आहेत. दरवर्षी कीजला गेलात, दरवर्षी फोटो काढलेत. आधी स्लाइड, मग प्रिंट, मग मोबाइल. गेल्या दिवाळीत एका घरी जुना अल्बम बघत बसले होते. एका फोटोत चौघं जण वाळूवर, साड्या आणि स्वेटर, पायाशी डब्याची पिशवी. मागे कीजमधल्या बाहिया होंडा बेटाचा तो तुटका रेल्वे पूल. फोटो उलटला तर पाठीमागे निळ्या बॉलपेननं मराठीत लिहिलं होतं: ‘बाहिया होंडा, संक्रांत, १९८७’. खाली चौघांची नावं. मी तो फोटो परत सुलटा केला आणि माणसं सोडून मागचं बघायला लागले. पाणी कुठवर आहे, वाळू कुठवर आहे, डावीकडच्या झुडपांत काय काय आहे. ठिकाण, तारीख, कोणी पाहिलं, हे सगळं त्यावर होतं. मला सरांची चिठ्ठी आठवली.

माझी विनंती ही की असे अल्बम काढा. कपाटाच्या वरच्या फळीवर, गराजमधल्या पेटीत, जिथे असतील तिथून. कीजमधले फोटो वेगळे करा. ज्यांच्या मागे काही लिहिलेलं नाही त्यांवर आठवून लिहा: वर्ष, बेट, जमलं तर किनारा कुठला. वर्ष नक्की आठवत नसेल तर त्या साली कोणाचं बारसं होतं, कोणाची आई भारतातून आली होती, यावरून काढा. हे आत्ताच व्हायला हवं. ज्यांना आठवतं त्यांतली दोन माणसं गेल्या वर्षीच आपल्यातून गेली, आणि त्यांच्या स्लाइडचा डबा आता मुलांना ओळखता येत नाही. स्कॅनर माझ्याकडे आहे. महिन्यातले दोन शनिवार मी या कामाला दिले आहेत, घरी येऊन करून देईन. अल्बम तुमच्याकडून हलवायचीही गरज नाही. किनाऱ्याच्या नि रानाच्या अभ्यासाला उपयोगी पडतील असे फोटो, तुमची परवानगी घेऊन, काम करणाऱ्या लोकांपर्यंत पोचवू.

सहलीत मला सगळ्यांचा अर्धा तास हवा आहे. जेवणानंतर, पाण्यात उतरण्याआधी. मुलांच्या हातात फोन असतातच. आयनॅचरलिस्ट हे ॲप फुकट आहे. झाडाचा, फुलाचा, खेकड्याचा फोटो काढला की ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदवली जाते, आणि नाव चुकलं तर जाणकार सुधारतात. गंबो-लिंबो, सी ग्रेप, तीन प्रकारची तिवरं, सुरुवात एवढ्यावरच करू. पॉयझनवूड हे अंगावर पुरळ उठवणारं झाड मात्र आधी ओळखायला शिकू, त्याला हात लावायचा नाही. मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. माझ्या धाकट्यानं मागच्या वर्षी एका तासात बावीस नोंदी केल्या, आणि परतीच्या वाटेवर तो झोपला नाही.

निवडुंग दिसला तर एक पथ्य पाळायचं. ठिकाण उघड लिहायचं नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. दुर्मिळ निवडुंग चोरून विकणारे लोक अशाच माहितीवर टपलेले असतात. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते ॲप स्वतःच झाकतं, तरी आपण सावध राहू.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ‘रुजतो का बघू’ म्हणून रानातला काटेरी तुकडा रुमालात गुंडाळून आणलेला मी आपल्यातच पाहिला आहे. हेतू वाईट नव्हता, झाडांची आवडच होती. पण तो गुन्हा आहे, आणि १५० चे सहा व्हायला किती थोडी वर्षं लागतात ते वर वाचलंत. तसंच भारतात जाताना बॅगेत निवडुंग नेऊ नका. जवळजवळ सगळं निवडुंगाचं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात बांधलेलं आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. पुण्यात, नाशिकला ज्या नातेवाइकांना हौस आहे त्यांना सांगा, नर्सरीत बियांपासून वाढवलेली रोपं घ्या, आणि विकणाऱ्याला ते विचारून घ्या.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत मोठी उधाणं येतात. आपल्यातली तीन कुटुंबं होमस्टेडला राहतात, एक की लार्गोवरच. त्यांनी आपापल्या गल्लीतल्या एकाच खांबाचा, एकाच जागी उभं राहून, दर पौर्णिमेला आणि अमावस्येला फोटो काढला तर तीन महिन्यांत सहा-सात फोटो होतील. पंचांग आपल्या घरात असतंच. तारखेबरोबर तिथी लिहा. भरतीला तिथी जास्त नीट कळते.

सहलीला येताना निदान एक अल्बम घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कारण बर्फाच्या पेट्या गळतात. जेवणानंतर सावलीत बसून सगळे मिळून वर्षं लावू. बाहिया होंडाचा तो फोटो मी मागून घेतला आहे, त्यातल्या चौघांपैकी दोघं यंदा येणार आहेत. त्यांना त्याच जागी उभं करून, त्याच बाजूनं, पुन्हा फोटो काढायचा आहे. पाणी कुठवर आलंय ते बघायचं आहे.

पोहे यंदा मी आणते. चाळीस जणांचे. त्याची काळजी नको.

तुमच्यातलीच एक,
केंडॉल, फ्लोरिडा